दया आणि धैर्य : किशोरांमधील छळवादाचा धर्मविचार

दया हा कोमल अंतःकरणाचा धर्म आणि धैर्य हा कठोर अंतःकरणाचा, अशी लोकांत एक समजूत रूढ आहे. दयाळू मनुष्य म्हणजे जो कोणाच्या वाटेस जात नाही तो, आणि धीट मनुष्य म्हणजे जो कोणास भीत नाही तो, असे आपण बोलून जातो. मुलांना वाढविताना तर ही वाटणी अधिकच पक्की होते. एका मुलास 'गरीब स्वभावाचा' म्हणून आपण कौतुक करतो, दुसऱ्यास 'दांडगा पण धीट' म्हणून. या दोन गुणांचे असे दोन वेगळे मालक कल्पिले की त्यातून जो अनर्थ होतो, तो आज शाळा, वसतिगृहे आणि महाविद्यालये यांतून आपल्या डोळ्यांपुढे आहे. बलवान मुले एकत्र येऊन एखाद्या दुर्बळास दिवसानुदिवस पिडतात; त्यांना कोणी धीट म्हणते. इतर अनेक मुले ते पाहून मनात हळहळतात आणि गप्प बसतात. त्यांना कोणी दयाळू म्हणते. वस्तुतः पहिल्यांच्या ठिकाणी धैर्य आहे काय आणि दुसऱ्यांच्या ठिकाणी दया आहे काय, हाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न लौकिक शिक्षणाचा आहे, त्याचे आपल्या मार्गाशी काय प्रयोजन, असे कोणी म्हणू नये. अहिंसा हा ज्या धर्माचा पाया आहे, ज्याच्या आचारात मुंगीच्याही जीविताची चिंता वाहिली आहे, त्या धर्माच्या अनुयायांच्या घरातील मूल शाळेत जाऊन दुसऱ्या मुलास रडवीत असेल, किंवा दुसऱ्याने रडविलेले पाहून हसत असेल, तर आपला आचार उंबरठ्याच्या आतच राहिला असे म्हणावे लागेल.

छळाचे स्वरूप

प्रथम ज्याविषयी बोलावयाचे त्याचे लक्षण ठरविले पाहिजे. मुलांची भांडणे होतात, रुसवेफुगवे होतात, कधी हातघाईही होते. तो सर्व छळ नव्हे. नॉर्वेमधील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० नंतरच्या दशकात या विषयाचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला आणि छळाची तीन लक्षणे सांगितली : पीडा देण्याचा हेतू, त्या पीडेची पुनरावृत्ती, आणि दोघांच्या बळातील विषमता. पिडणारा वयाने, शरीराने किंवा संख्येने वरचढ असतो आणि पीडिताला प्रतिकार करणे अवघड असते. या तीन लक्षणांचा विचार केला म्हणजे ध्यानी येते की, जेथे छळ आहे तेथे धैर्य असूच शकत नाही. धैर्यास भयाची अपेक्षा आहे. जेथे स्वतःस काही गमवावे लागण्याचा संभव आहे, तेथेच धैर्याचा प्रसंग उत्पन्न होतो. आपल्याहून दुर्बळ असलेल्यावर, पाठीशी चार जण घेऊन, प्रतिकार होणार नाही याची खात्री करून जो हात उगारतो, त्याने कोणत्या भयावर विजय मिळविला? तो निर्भय नाही. त्याने केवळ निर्भय जागा निवडली आहे.

हा प्रकार एखाद्याच देशात आहे असे नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे तीनांपैकी एका विद्यार्थ्यास मागील एका महिन्यात सहाध्यायांकडून निदान एकदा तरी छळ सोसावा लागला होता. आपल्या महाराष्ट्रात महाविद्यालयीन छळास आवर घालण्यासाठी १९९९ मध्ये रॅगिंग प्रतिबंधक अधिनियम करावा लागला आणि त्यात दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व देशासाठी नियम केले. कायदा आवश्यक आहे, परंतु कायद्याची दृष्टी पिडणाऱ्यावर असते. धर्माची दृष्टी त्याहून व्यापक असली पाहिजे, कारण छळाच्या प्रसंगी दोघेच कधी नसतात.

सभोवतीचे मंडळ

फिनलंडमधील संशोधिका क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह हे दाखवून दिले की, वर्गात छळ घडतो तेव्हा मुले अनेक भूमिकांत विभागली जातात. एक पिडणारा, एक पीडित, काही त्याला हात देणारे, काही हसून उत्तेजन देणारे, काही दूर राहणारे, आणि थोडे पीडिताचा कैवार घेणारे. कॅनडात टोरांटो येथील शाळांच्या क्रीडांगणांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की, दहांपैकी जवळजवळ नऊ प्रसंगी इतर मुले तेथे उपस्थित होती. परंतु त्यांनी मध्ये पडण्याचे प्रसंग शंभरात केवळ एकोणीस होते. आणि विशेष हे की, जेव्हा कोणी मध्ये पडले तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद म्हणजे किती? एक नामस्मरण होण्यासही पुरता न पडणारा काळ. एवढ्या अल्प काळाच्या धैर्याने जे थांबू शकते, ते न थांबविल्यामुळे एखाद्या जीवाची वर्षेच्या वर्षे काळवंडतात.

हे नवे शास्त्र झाले. परंतु यातील तत्त्व आपल्या ग्रंथांना अपरिचित नाही. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदीचा छळ भर सभेत होतो. तेथे शूरांची वाण नव्हती. भीष्म होते, द्रोण होते. रणांगणावर ज्यांनी मृत्यूस भ्याले नाही असे ते वीर सभेत मात्र स्पष्ट बोलू शकले नाहीत. बोलला तो कौरवांतीलच एक तरुण, विकर्ण. त्याचे बोलणे कोणी मानिले नाही, कर्णाने त्याला 'पोर' ठरवून झिडकारले. परंतु सभेतील धैर्य त्या दिवशी त्याच्या आणि विदुराच्याच ठिकाणी होते. याच प्रसंगी विदुर सभासदांस एक प्राचीन न्याय सांगतो. सभेत अधर्म घडत असता त्याचा निषेध झाला नाही, तर त्या पापाचा अर्धा भाग सभेच्या प्रमुखाकडे जातो, एक चतुर्थांश करणाऱ्याकडे, आणि उरलेला चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांकडे. ही वाटणी सूक्ष्मतेने पाहावी. स्वतः करणाऱ्याचा वाटा आणि गप्प बसणाऱ्यांचा वाटा समान आहे. आणि ज्याच्या हाती अधिकार होता त्याचा वाटा दोघांहून दुप्पट आहे. वर्गशिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, घरातील वडील आणि मठातील महंत यांनी हा हिशेब स्वतःस लावून पाहावा.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाच्या आरंभीची कथा तर या विषयाचे साक्षात उदाहरण आहे. पिंडारक क्षेत्री विश्वामित्र, कण्व, नारद इत्यादी ऋषी आले असता यदुकुळातील कुमारांनी सांबास स्त्रीवेष दिला आणि त्याला ऋषींपुढे नेऊन, खोट्या विनयाने, ही गर्भवती आहे, हिला काय होईल, असे विचारिले. मौज म्हणून आरंभिलेल्या या कृत्यातून मुसळ उत्पन्न झाले आणि मुसळातून कुळाचा संहार. आपण ही कथा शापाच्या सामर्थ्याची म्हणून वाचतो. परंतु तीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. वेष एकाने घेतला होता, बोलणारे दुसरे होते, आणि सर्व कुमार मिळून गेले होते. त्या सर्वांत 'हे करू नये' म्हणणारा एकही कुमार कथेत आढळत नाही. शाप मिळाल्यावर ते सर्व भ्याले. जे भय कृत्यापूर्वी विवेकरूपाने यावयास हवे होते, ते कृत्यानंतर कंपरूपाने आले. परमेश्वर अवतार श्रीकृष्ण महाराज ज्या कुळात प्रत्यक्ष वावरत होते त्या कुळातील मुलांची ही गती झाली, तेव्हा केवळ चांगल्या घरात जन्मल्याने मूल सुरक्षित झाले असे मानण्यात अर्थ नाही.

दोन गुणांचा संबंध

आता मूळ प्रश्नाकडे वळू. श्रीमद्भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीचे सव्वीस गुण सांगितले आहेत. त्यांत अहिंसा आहे, दया आहे, मार्दव आहे, क्षमा आहे, अद्रोह आहे. परंतु या सर्व कोमल गुणांच्या अगोदर, गणनेच्या अगदी आरंभी, कोणता गुण ठेविला आहे? अभय. आणि शेवटी कोणता? नातिमानिता, म्हणजे स्वतःविषयी अतिमान नसणे. या क्रमाकडे लक्ष दिले तर एक अर्थ ध्यानी येतो. दया ज्या भूमीवर उगवावयाची, ती भूमी अभयाची आहे. भ्यालेल्या मनात दयेचा अंकुर येतो, परंतु तो कृतीपर्यंत वाढत नाही. त्याचप्रमाणे अभयास अतिमानाची कीड लागली तर ते दर्प बनते. आणि दर्प हा त्याच अध्यायात आसुरी संपत्तीच्या यादीत दंभ आणि पारुष्य यांच्या पंगतीस बसविला आहे. पिडणाऱ्या मुलाच्या ठिकाणी लोक ज्याला धैर्य म्हणतात ते हे दर्प होय, आणि त्याच्या वाणीतील जो प्रहार तेच पारुष्य.

बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताची लक्षणे सांगताना भगवंत आणखी एक जोडी घालून देतात. ज्याच्यामुळे लोक उद्विग्न होत नाहीत, आणि जो लोकांमुळे उद्विग्न होत नाही, तो. पहिले अर्ध दयेचे आहे, दुसरे धैर्याचे. आणि दोन्ही अर्धे एकाच पुरुषाची आहेत. ज्याच्या ठिकाणी पहिलेच अर्ध आहे तो कोणास दुखवीत नाही, परंतु चौघांच्या हसण्यापुढे नमतो. ज्याच्या ठिकाणी दुसरेच अर्ध आहे तो कोणास जुमानीत नाही, परंतु त्याच्या वाटेत येणारा चिरडला जातो. दोन्ही मिळून मनुष्य पुरा होतो.

या पुरेपणाचे दर्शन आपल्याला सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळांतून घडते. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील सशाची लीळा कोणास ठाऊक नाही? कुत्री मागे लागली असता ससा येऊन स्वामींच्या मांडीखाली लपला. शिकारी मागून आले. त्यांची त्या सशावर पैज लागली होती, आणि ससा सोडावा अशी त्यांची मागणी होती. स्वामींनी शरण आलेल्यास सोडले नाही. परंतु शिकाऱ्यांस ताडनही केले नाही, धिक्कारही केला नाही. रानात राहणाऱ्या, गवत खाणाऱ्या आणि झऱ्याचे पाणी पिणाऱ्या जीवाने कोणाचे काय केले आहे, याचा विचार त्यांच्यापुढे ठेविला. ते गेले, तेव्हा मांडी उचलून सशास आदराने निरोप दिला. येथे दया आणि धैर्य यांत कोठे फट दाखविता येत नाही. मांडी हलविली नाही हे धैर्य, आणि मांडीखाली ससा आहे ही दया. क्रिया मात्र एकच. शिवाय ही दया सशापुरती नव्हती. शिकाऱ्यांनाही विचाराची संधी दिली, ही त्यांच्यावरील दया होय.

काही आक्षेप

येथे पहिला आक्षेप असा येईल की, मुले आहेत, चालायचेच. थोडे सोसल्याने मूल घट्ट होते. याचे उत्तर असे की, ऊन, पाऊस, श्रम आणि अपयश सोसल्याने मूल घट्ट होते हे खरे. परंतु अपमानाने मूल घट्ट होत नाही, बंद होते. जे बाहेरून घट्टपणासारखे दिसते ते पुष्कळदा आत गोठलेले दुःख असते. काही मुले तर आपण सोसलेले पुढे अधिक दुर्बळावर उतरवितात. अभ्यासकांनी असा एक वर्गच नोंदविला आहे, जो एके ठिकाणी पीडित असतो आणि दुसरे ठिकाणी पीडक. वसतिगृहांतून 'आम्हीही पहिल्या वर्षी सोसले' या एका वाक्यावर रॅगिंगची परंपरा चालत आली. सोसण्याने शहाणपण येत असते तर ती परंपरा पहिल्याच पिढीत संपली असती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आपल्या मार्गातून येतो. साधकाने निंदा, ताडन आणि अवहेलना सोसावी अशी आपल्या आचारधर्माची शिकवण आहे. स्वामींनी स्वतः द्वेष्ट्यांचे क्रौर्य सोसले. मग पीडित मुलास 'सोस' म्हणून सांगणे हेच धर्माला धरून नाही काय? नाही. येथे सूक्ष्म भेद केला पाहिजे. क्षमा ही ज्याच्यावर आघात झाला त्याची संपत्ती आहे. ती त्याने आपल्या बोधाने, आपल्या वैराग्याने खर्चावयाची असते. तिसऱ्याने ती त्याच्या वतीने वाटून टाकणे हे दातृत्व नव्हे. ज्या साधकाने समजून उमजून अनुसरण घेतले त्याचे सोसणे आणि ज्या बालकास निमूटपणे सोसण्यावाचून गत्यंतर नाही त्याचे सोसणे, ही दोन्ही बाहेरून सारखी दिसली तरी त्यांची जात भिन्न आहे. पहिल्यात स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यात केवळ असहायता. आणि स्वामींनी स्वतःवरील आघात सोसला, परंतु सशावरील आघात सोसला नाही, हे विसरता कामा नये. स्वतःसाठी क्षमा आणि दुसऱ्यासाठी रक्षण, ही त्या चरित्राची दिशा आहे. आपण पुष्कळदा नेमके उलट करतो : आपला अपमान आपल्याला सोसत नाही, आणि दुसऱ्याचा अपमान मात्र फार शांतपणे सोसतो.

तिसरा आक्षेप मुलांचाच असतो. गुरुजींना सांगितले तर ती चुगली होते, आणि चुगली करणे वाईट, असे त्यांना शिकविलेले असते. गीतेतही अपैशुन हा दैवी गुण सांगितला आहे. परंतु पैशुन्य म्हणजे काय? दुसऱ्याचे उणे त्याला खाली पाडण्यासाठी, त्याच्या पाठीमागे सांगणे. ज्या सांगण्याचा हेतू कोणास तरी दुखापतीतून वाचविणे हा आहे, ते पैशुन्य नव्हे, निवेदन होय. हेतू कोणता, हे मुलाने स्वतःस विचारावे : 'हे सांगून कोणास शिक्षा व्हावी असे मला वाटते, की कोणाची सुटका व्हावी असे?' उत्तर दुसरे असेल तर त्याने निःशंक सांगावे. आणि सांगणाऱ्याचे नाव उघड करून त्यालाच नवे भक्ष्य बनविणार नाही, एवढी सावधगिरी वडीलधाऱ्यांनी घ्यावी. मुलाने दाखविलेल्या धैर्याला मोठ्यांच्या धैर्याची जोड मिळाली नाही, तर ते मूल पुन्हा कधी बोलणार नाही.

आपल्या घरातील परीक्षा

या विषयात आपल्या पंथास एक विशेष अधिकार आहे आणि म्हणून विशेष उत्तरदायित्वही आहे. आपला समाज शतकानुशतके उपहासाचा विषय झालेला आहे. आपल्या साधूंच्या काळ्या वस्त्रांवर थट्टा झाली. आपल्या पंथाचे नाव घालून, बोलणे गोड आणि करणी क्रूर अशा अर्थाची म्हण रचली गेली आणि ती शाळेतील पुस्तकी अभ्यासातही पाठ केली गेली. आजही एखाद्या वासनिकाचे मूल इतर देवतांचा प्रसाद घेत नाही किंवा आरतीस हात जोडीत नाही म्हणून त्याला वर्गात वेगळे काढले जाते. ज्यांनी हे भोगले त्यांच्याजवळ परपीडेचे ज्ञान आहे. या ज्ञानाचे दोन परिणाम होऊ शकतात. एक म्हणजे आपले मूल घरी ऐकलेल्या शब्दांनी दुसऱ्याच्या देवतेस, जातीस, रंगास, बोबडेपणास किंवा दारिद्र्यास हसू लागते आणि त्यास स्वधर्मनिष्ठा समजते. दुसरा म्हणजे आपण एकटे पडण्याचे दुःख जाणतो म्हणून एकट्या पडलेल्याजवळ जाऊन बसते. या दोहोंत निष्ठा कोणती, हे सांगावयास नको. अनन्यता ही आपल्या नमस्काराची मर्यादा आहे, आपल्या करुणेची नव्हे.

याच न्यायाने पिडणाऱ्या मुलाकडेही पाहिले पाहिजे. जीव हा बद्धमुक्त आहे, असा आपला सिद्धांत आहे. तो बद्ध आहे म्हणून त्याच्याकडून अनुचित घडते, आणि मुक्तीस योग्य आहे म्हणून त्याला टाकून देता येत नाही. 'हा दुष्टच आहे' असा शिक्का मारिला की त्याला पालटण्याचे प्रयोजनच उरत नाही. त्याचे कृत्य निःसंदिग्ध शब्दांत वाईट म्हणावे, ते थांबवावे, त्याची भरपाई करावयास लावावी. परंतु चारचौघांत त्याची अप्रतिष्ठा करू नये. छळणाऱ्यास छळूनच सुधारावयाचे, हा त्याच्याच मताचा विजय आहे. त्याच्या ठिकाणी खंती उत्पन्न झाली आणि ज्याला दुखविले त्याच्यापुढे जाऊन त्याने ते कबूल केले, तर ते त्याच्या आयुष्यातील पहिले खरे धैर्य ठरेल. दुर्बळावर हात उगारताना त्याला जे लागले नव्हते, ते आता हात जोडताना लागते.

शिक्षण कोठून आरंभावे

धैर्य एकदम येत नाही. भर वर्गात उठून बलवानास विरोध करणे हे सर्व मुलांकडून अपेक्षिणे व्यवहार्य नाही, आणि तसा आग्रह धरल्यास भित्रे मूल अधिकच स्वतःस हीन मानू लागेल. म्हणून धैर्याच्या पायऱ्या सांगाव्यात. पहिली पायरी : न हसणे. छळ हा पाहणाऱ्यांच्या हसण्यावर जगतो; ते मिळाले नाही तर त्याचे निम्मे बळ जाते. आज भ्रमणध्वनीवर कोणाच्या अपमानाचे चित्र येते, तेव्हा ते पुढे न पाठविणे हे त्याच पायरीवरचे आचरण आहे. तो एक बोटाचा संयम आहे, परंतु हिंसेच्या साखळीतील एक कडी त्याने तुटते. दुसरी पायरी : पीडिताजवळ जाणे. त्या वेळी न जमल्यास नंतर जावे, त्याच्याबरोबर डबा खावा, वाटेत सोबत करावी. एकटेपण मोडले की छळाचे मूळच हलते. तिसरी पायरी : मोठ्यांस निवेदन करणे. चौथी : समोर उभे राहून, न शिवीगाळ करता, 'हे पुरे' म्हणणे. पहिल्या तीन पायऱ्या चढलेल्या मुलास चौथी फार उंच वाटणार नाही.

आणि ही शिकवण केवळ सांगून होत नाही. घरी गड्यास, मोलकरणीस आपण कसे बोलतो, पंगतीत कोणास शेवटी बसवितो, मठात नवागत साधकाची थट्टा होते तेव्हा ज्येष्ठ काय करतात, हे मूल पाहत असते. जेथे ज्येष्ठ हसतात तेथे कनिष्ठ चावतात.

दृष्टांतपाठातील जात्यंधांचा हत्ती आपल्याला परिचित आहे. ज्याच्या हाताला जो अवयव लागला, त्याने तोच हत्ती मानिला. छळाच्या बाबतीतही पिडणारा त्यास मौज म्हणतो, पाहणारा आपला त्याच्याशी संबंध नाही असे म्हणतो, शिक्षक शिस्तीचा किरकोळ प्रश्न म्हणतो, आणि पालक मुलांचे भांडण. पीडिताच्या वाट्याला मात्र सबंध हत्ती आलेला असतो. त्याच्या बाजूस उभे राहून पाहिल्याविना ही वस्तू पूर्ण दिसत नाही. तसे उभे राहण्यास डोळसपणा लागतो, डोळसपणास दया लागते, आणि जे दिसले त्यापासून मान न फिरविण्यास धैर्य लागते.

शरणागताचे रक्षण हे ज्यांच्या चरित्राचे वैशिष्ट्य, त्या स्वामींचे आपण म्हणवितो. आपल्या मुलांच्या शेजारी कोणी भ्यालेला जीव येऊन बसला, तर त्याला तेथे अभय वाटावे, एवढी तरी त्या नात्याची खूण आपल्या घरातून दिसावी, ही श्रीचरणी प्रार्थना. दंडवत प्रणाम.